१.९२ पट लांबी हाताशी असूनही विमान धावपट्टीबाहेर का जातं?

तुमचे प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. जेट विमानाला ओल्या धावपट्टीवर उतरायचं तर चाचणीत मोजलेल्या अंतराच्या १.९२ पट लांबी लागते, असं तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलं आहे. म्हणजे जवळजवळ दुप्पट. मग पावसाळ्यात कुठेतरी एखादं विमान टोकापुढच्या चिखलात रुतलेलं कसं दिसतं? दुसरं, हवेत असताना गणितात जे १५ टक्के वाढवतात ते पुरेसे आहेत का? आणि तिसरं, एटीआयएस, म्हणजे विमानतळाची रेडिओवरची ध्वनिमुद्रित सूचना, नुसतं 'वेट' म्हणतोय आणि समोर धो धो कोसळतोय, अशा वेळी टॅब्लेटमध्ये कोणता अंक घालायचा?

मी एअरलाइनमध्ये बरीच वर्षं उडवलं, शेवटची काही वर्षं नव्या मुलांना परफॉर्मन्स, म्हणजे विमानाला किती धावपट्टी लागते याचं गणित, शिकवला. वर्गात हा प्रश्न दर वर्षी यायचा आणि मी फळ्यावर पहिलं वाक्य तेच लिहायचो: १.९२ म्हणजे दुप्पट नव्हे.

हा आकडा येतो कुठून ते बघू. विमानाला प्रमाणपत्र मिळताना टेस्ट पायलट ते कोरड्या धावपट्टीवर उतरवतो. थ्रेशोल्डवर, म्हणजे धावपट्टीच्या सुरुवातीच्या रेषेवर, उंची बरोबर ५० फूट, वेग बरोबर व्हीरेफ, म्हणजे त्या वजनासाठी ठरलेला उतरण्याचा वेग, विमान टेकलं की लगेच दोन्ही पाय ब्रेकवर पूर्ण दाबलेले. रिव्हर्सचा, म्हणजे इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग मारण्याचा, फायदा धरत नाहीत. असं उतरल्यावर जे अंतर भरतं ते प्रत्यक्ष लँडिंग अंतर. तुम्ही-आम्ही प्रवासी घेऊन तसं कधीच उतरत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सांगितलं की विमान उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबलं पाहिजे. ६० टक्के उलटे केले की १.६७. पोहोचण्याच्या वेळी धावपट्टी ओली असेल असा अंदाज असेल तर त्यावर आणखी १५ टक्के, म्हणजे १.९२. टर्बोप्रॉपला, म्हणजे पंख्यांच्या विमानांना, ६०च्या जागी ७० टक्के, त्यामुळे तिथे कोरड्याला १.४३ आणि ओल्याला १.६४.

आता हे शेवटचे १५ टक्के नीट पाहा. पाण्यामुळे थांबण्याचं अंतर नेमकं १५ टक्क्यांनीच वाढतं म्हणून ते आलेले नाहीत. ते कोरड्या अंतरावर मारलेलं एक ठोक ठिगळ आहे. प्रत्यक्षात नुसत्या ओल्या धावपट्टीवर थांबायला कोरड्याच्या ढोबळमानाने १.३ ते १.४ पट अंतर लागतं. पाणी साचलेलं असेल तर २ ते २.३ पट. काचेसारखा बर्फ असेल तर साडेतीन ते साडेचार पट, पण तो आपल्याकडे लेहसारख्या ठिकाणी सोडला तर फारसा भेटत नाही.

सोयीसाठी एक आकडा घेऊ. समजा कोरडं प्रत्यक्ष अंतर १२५० मीटर आहे. १.९२ने गुणलं की २४००. धावपट्टी २४०० मीटरची असेल तर निघताना कागदावर सगळं नियमात. आता १२५०ला १.४ने गुणा: १७५०. हे ओल्या धावपट्टीवरचं खरं अंतर. २४०० भागिले १७५० म्हणजे १.३७. तुमचं 'जवळजवळ दुप्पट' इथे सदतीस टक्क्यांवर आलं. आणि पाणी साचलं असेल तर? १२५० गुणिले २ म्हणजे २५००. धावपट्टी संपली, विमान अजून चालू आहे. वैमानिकाने एकही चूक केली नाही तरीही. रिव्हर्स यातलं थोडं परत मिळवून देतो, पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

एवढ्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. १.९२ हा डिस्पॅचचा आकडा आहे. विमान निघण्याआधी, तिथलं हवामान अंदाजावर असताना, 'या विमानतळाकडे इतकं वजन घेऊन निघायला हरकत नाही' एवढंच तो सांगतो. चाकं जमिनीवरून उचलली की त्याचं काम संपलं. पण कित्येक जण तो आकडा डोक्यात ठेवून उतरतात, 'डिस्पॅचला बसलं होतं ना, मग बसेल' म्हणून. परफॉर्मन्स शिकवताना मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते या समजुतीशी.

उतरण्याआधीचं गणित वेगळं असतं आणि ते जन्माला आलं एका अपघातातून. ८ डिसेंबर २००५, शिकागोचं मिडवे विमानतळ, हिमवर्षाव, साउथवेस्टचं ७३७-७००. उतरायला उपलब्ध लांबी ५८२६ फूट. क्रूने लॅपटॉपवर हिशेब केला होता. ब्रेकिंग खराब धरलं तर विमान टोकाच्या जेमतेम ४० फूट आधी थांबेल असं उत्तर आलं होतं. त्या हिशेबात रिव्हर्सचा पूर्ण फायदा धरलेला होता. प्रत्यक्षात रिव्हर्स उघडायला टचडाउननंतर १८ सेकंद लागले. विमान कुंपण तोडून रस्त्यावर गेलं आणि एका मोटारीतला सहा वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर, २००६मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, सांगितलं की पोहोचण्याच्या वेळची खरी परिस्थिती धरून हिशेब करा आणि त्या उत्तरावर किमान १५ टक्के ठेवा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातले १५ टक्के ते हे. डिस्पॅचच्या १५ टक्क्यांशी यांचं काही नातं नाही, आकडा योगायोगाने सारखा आहे, आणि परीक्षेत मुलं हमखास इथेच घसरतात.

या दुसऱ्या हिशेबातली गृहीतकं जास्त प्रामाणिक असतात. थ्रेशोल्ड ओलांडल्यापासून टेकेपर्यंत साधारण सात सेकंद धरतात. १४० नॉट वेगाने सात सेकंद म्हणजे ५०० मीटर. टेस्ट पायलटपेक्षा हे पुष्कळ जास्त आहे, आणि आपल्यासारख्यांसाठी बरोबर आहे. रिव्हर्स वापरणार असाल तर त्याचा फायदा धरतात. आणि धावपट्टीची अवस्था अंकाने धरतात.

तो अंक म्हणजे रनवे कंडिशन कोड. जगभर ४ नोव्हेंबर २०२१पासून एकच पद्धत लागू झाली, आपल्याकडेही. कोरडी असेल तर ६. ओली असेल, म्हणजे ३ मिलिमीटरपर्यंत पाणी, तर ५. ओली आणि निसरडी अशी घोषित असेल तर ३. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी साचलं असेल तर २. काचेसारख्या बर्फावर पाणी असेल तर ०, आणि तिथे उतरायचंच नसतं. ४ आणि १ हे बर्फवाल्या देशांचे अंक, आपल्याला क्वचित लागतात. अहवाल धावपट्टीच्या तीन भागांसाठी येतो, ५/५/२ असा, आणि त्यातला सगळ्यात लहान अंक धरून हिशेब करायची सवय मी मुलांना लावायचो. काही जण म्हणायचे, सर, पाणी शेवटच्या भागात आहे, तिथे पोहोचेपर्यंत वेग कमी झालेला असतो. झालेला असतो, जर पहिल्या दोन भागांत सगळं मनासारखं झालं तर.

५ आणि २ यांच्यामधली दरी तीन मिलिमीटरची आहे. दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढी. ही जाडी विमानतळाचा माणूस गाडीतून जाऊन बघतो, बहुतेक वेळा नजरेने ठरवतो, आणि अहवाल एटीसीकडे, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांकडे, येईपर्यंत पावसाने रूप बदललेलं असतं. मुंबईत जुलैमध्ये ज्याने पाऊस पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. दहा मिनिटांपूर्वीचा '५' हा दहा मिनिटांपूर्वीचाच असतो.

पाणी नेमकं काय करतं? टायरखालचं पाणी बाजूला पडायला वेळ लागतो. विमान त्या वेळेपेक्षा जलद आलं की टायर पाण्यावर चढतं आणि जमिनीचा स्पर्श सुटतो. याला डायनॅमिक हायड्रोप्लेनिंग म्हणतात. जुनं सूत्र तुम्हाला माहीत असेल: टायरचा दाब पीएसआयमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ९ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. २०० पीएसआयला १२७ नॉट. हे फिरत्या चाकाचं. नुकतं टेकलेलं, अजून न फिरणारं चाक असेल तर ९ऐवजी ७.७, म्हणजे १०९ नॉट. तुमचा टचडाउनचा वेग १३५-१४० असतो. म्हणजे पाणी पुरेसं खोल असेल तर टेकण्याच्या क्षणी तुम्ही आधीच त्या पट्ट्यात असता. नव्या रेडियल टायरांना तर हे याहून कमी वेगात होतं असं नंतरच्या संशोधनात दिसलं आहे, त्यामुळे सूत्रावर विसंबून 'आता शंभरच्या खाली आलो, आता पकड आहे' असं समजू नका.

दुसरा प्रकार जास्त फसवा. त्याला फार पाणी लागतच नाही. पृष्ठभाग गुळगुळीत असला की पाण्याचा पातळ थर पुरतो. आणि गुळगुळीत पृष्ठभाग धावपट्टीवर कुठे असतो? जिथे रोज शेकडो विमानं टेकतात तिथे रबराचा थर बसलेला असतो. टचडाउनच्या भागात हे सगळ्यांना माहीत असतं, तिथे वेग जास्त असतो आणि स्पॉयलर (पंखांवर उभ्या राहणाऱ्या फळ्या), रिव्हर्स काम करत असतात म्हणून ते खपून जातं. पण त्याच धावपट्टीवर उलट्या दिशेनेही विमानं उतरतात. त्यांचा टचडाउनचा भाग म्हणजे तुमच्या धावेचा शेवटचा तुकडा. रिव्हर्स आत गेलेला, पंखांवरची हवा मंदावलेली, थांबणं सगळं ब्रेकवर, आणि नेमकं तिथेच खाली रबर. बाहेर पडायच्या वळणाच्या आधी पाय दाबला आणि विमान जराही ऐकत नाही, असा अनुभव एकदा आला की माणूस आयुष्यभर त्या शेवटच्या काळ्या पट्ट्याकडे आदराने बघतो.

आडव्या खाचा म्हणजे ग्रूव्ह असलेली धावपट्टी यातलं बरंच वाचवते, पाण्याला निघायला वाट मिळते. साओ पाउलोच्या काँगोन्यास विमानतळावर १७ जुलै २००७ला १९९ माणसं गेली, त्या वेळी धावपट्टी नुकतीच नव्याने बांधली होती आणि खाचा अजून पाडलेल्या नव्हत्या. त्या अपघाताचं मूळ थ्रॉटलच्या चुकीच्या जागेत होतं, खाचांवर सगळा दोष टाकणं बरोबर नाही. पण तुम्ही जिथे उतरणार ती धावपट्टी खाचांची आहे का, एवढं चार्टवर बघून ठेवायला दोन सेकंद लागतात आणि बहुतेक जण ते बघत नाहीत.

आता तिसरा प्रश्न, कारण खरं मार्जिन इथेच ठरतं. एफएएने २०१५मध्ये एक सूचना काढली. ओल्या धावपट्ट्यांवरचे अपघात तपासताना असं दिसलं होतं की चाकांना मिळालेली पकड पुस्तकातल्या 'ओल्या'पेक्षा कमी होती. सूचनेचा मतितार्थ असा: खाचा नसलेल्या गुळगुळीत धावपट्टीवर मध्यम पाऊस असेल, किंवा खाचांच्या धावपट्टीवर जोरदार पाऊस असेल, तर ब्रेकिंग 'मीडियम' धरा. मीडियम म्हणजे कोड ३. एटीसी ५ सांगत असली तरी.

ही सूचना आपल्याकडे शब्दशः बंधनकारक आहे की नाही याच्या वादात मी पडत नाही. मी ती माझी सवय केली आणि सांगतो तीही तशीच. एटीआयएसवर 'वेट' आणि 'हेवी रेन' असे दोन शब्द एकत्र आले की मी पाचचा हिशेब फक्त तुलनेसाठी करायचो. निर्णय तीनच्या हिशेबावर. पाणी साचल्याची बातमी असेल, किंवा पुढचं विमान उतरताना पाण्याचे फवारे पंखांच्या वर उडताना दिसत असतील, तर दोनचा.

आणि पुढच्या वैमानिकाने 'ब्रेकिंग गुड' सांगितलं म्हणून हुरळून जाऊ नका. ऑटोब्रेक, म्हणजे आपोआप लागणारा ब्रेक, ठरावीक मंदन (वेग कमी होण्याचा दर) धरून ठेवतो. रिव्हर्सने तेवढं मंदन दिलं तर ब्रेक जवळजवळ दाबलेच जात नाहीत. त्या गड्याने चाकांची पकड तपासलीच नाही, विमान छान थांबलं एवढंच त्याला कळलं, आणि तेवढंच त्याने सांगितलं. त्याने 'मीडियम' किंवा 'पुअर' सांगितलं तर मात्र लगेच माना. वाईट बातमी देणाऱ्याने पकड शोधलेली असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, १५ टक्के पुरेसे आहेत का? मीटरमध्ये विचारलंत तर उत्तर देता येत नाही, सेकंदांत विचारा. हिशेब १७०० मीटर आला, १५ टक्के म्हणजे २५५ मीटर. जमिनीवरचा वेग १४५ नॉट म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. म्हणजे तुमचं अख्खं मार्जिन साडेतीन सेकंदांचं आहे. टेकण्याआधीच्या फ्लेअरमध्ये नाक थोडं जास्त उचललं, विमान हळुवार टेकावं म्हणून थोपटत राहिलात, तीन-चार सेकंद गेले. मार्जिन गेलं. थ्रेशोल्ड ५०ऐवजी १०० फुटांवर ओलांडला: तीन अंशांच्या उतारावर ते २९० मीटर. मार्जिन गेलं. वेग दहा टक्के जास्त: अंतर वीस टक्के जास्त. गेलं. मागून १० नॉट वारा जो हिशेबात नव्हता: पुन्हा साधारण वीस टक्के. यातलं एकच काही झालं तरी १५ टक्के पुरत नाहीत, आणि पावसाच्या रात्री या गोष्टी एकट्या येत नाहीत. वाऱ्याने विमान वर ढकललं, ते खाली आणताना वेग वाढला, वेग वाढला म्हणून फ्लोट झालं, म्हणजे न टेकता तरंगत राहिलं.

७ ऑगस्ट २०२०चा केरळमधल्या कोझिकोडेचा अपघात मी वर्गात आकड्यांसाठी घ्यायचो, कारण तपास अहवालात आकडे स्पष्ट आहेत. त्या विमानाचे कमांडर आपल्याकडचे, हवाई दलातून आलेले, अनुभवी. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं हा माझा हेतू कधीच नव्हता. पहिला प्रयत्न २८ नंबरच्या धावपट्टीवर, वायपर बंद पडल्याने सोडून द्यावा लागला. दुसरा १० नंबरवर, म्हणजे त्याच धावपट्टीवर उलट्या दिशेने, मागून वारा. धावपट्टी ८८५८ फूट. विमान टेकलं ४४३८ फुटांवर, म्हणजे अर्ध्या धावपट्टीवर. जमिनीवरचा वेग १६५ नॉट, मागून वारा १४ नॉट, हलका पाऊस.

वही घ्या. उरलेली लांबी ४४२० फूट, म्हणजे १३४७ मीटर. १६५ नॉट म्हणजे सेकंदाला ८५ मीटर. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर: सेकंदाला सेकंद सुमारे २.७ मीटर इतकं सरासरी मंदन टेकल्या क्षणापासून हवं होतं. ७३७चा ऑटोब्रेक तीनवर ठेवला तर साधारण २.२ मागतो. टोक ओलांडताना वेग होता सुमारे ८५ नॉट. त्यावरून उलटा हिशेब केला तर सरासरी मंदन २च्या आसपास निघतं. हवं होतं २.७, मिळालं २. धावपट्टी बर्फाची नव्हती, ब्रेक निकामी नव्हते. ओल्या धावपट्टीवरच्या विमानासाठी २ हे काही वाईट मंदन नाही. सामान्य जागी टेकलेलं विमान एवढ्या मंदनाने आरामात थांबलं असतं. जे गेलं ते टेकण्याआधी हवेत गेलं. २१ जण दगावले, दोन्ही वैमानिक त्यांत होते.

आणखी एक गोष्ट त्या अहवालात आहे जी मला गणितापेक्षा जास्त छळते. सहवैमानिकाने 'गो-अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं. उशिरा, पण म्हटलं होतं. आपल्याकडे डाव्या सीटवरचा माणूस 'सर' असतो, वयाने मोठा, पुष्कळदा फौजेतला. उजव्या सीटवरच्या चोविशीतल्या मुलाच्या तोंडून ते दोन शब्द वेळेवर आणि मोठ्याने निघावेत यासाठी कॅप्टनने ते आधी मागून ठेवावे लागतात. मी ब्रीफिंगमध्ये ठरावीक खूण सांगायचो: 'या टॅक्सीवेच्या समोर येईपर्यंत चाकं टेकली नाहीत तर तू गो-अराउंड म्हण, मी विचारणार नाही का.' नुसतं 'टचडाउन झोनमध्ये' असं म्हटलं की रात्रीच्या पावसात कुणालाच कळत नाही आपण कुठे आहोत. जागा दाखवता येईल अशी खूण हवी. रिव्हर्स उघडला की मात्र तो दरवाजा बंद, मग काहीही झालं तरी थांबायचंच.

हे तंत्राचं थोडं झालंच आहे तर पुढचं पटकन सांगतो, तुम्हाला सिम्युलेटरमध्ये शिकवतीलच. ओल्या धावपट्टीवर विमान ठामपणे टेकवायचं. लोण्यासारखं लँडिंग केलं की मागून टाळ्या येतात, पण चाकं लवकर फिरत नाहीत आणि कित्येक विमानांत चाकं फिरल्याशिवाय स्पॉयलर उघडत नाहीत. स्पॉयलर नाहीत म्हणजे वजन अजून पंखांवर, चाकांवर नाही, म्हणजे ब्रेकला पकडायला काही नाही. स्पॉयलर उघडले का, हे डोळ्यांनी पाहून मोठ्याने सांगायचं. रिव्हर्स ताबडतोब आणि पूर्ण, कारण त्याची खरी ताकद जास्त वेगातच असते. मिडवेचे ते अठरा सेकंद आठवा. बाजूच्या वाऱ्यात विमान सरकायला लागलं तर रिव्हर्स कमी, ब्रेक सैल, नाक मध्यरेषेवर, मग पुन्हा सगळं. सांगायला तीन शब्द, करायला हिंमत लागते, कारण टोक जवळ येत असताना ब्रेक सैल करणं हाताला पटत नाही.

लांब धावपट्टीचा धोका वेगळा. मुंबईची मुख्य धावपट्टी ३४४८ मीटर. तिथे पावसातल्या अंकांनी हिशेब करा, बहुतेक वेळा बसतो. तरी १ जुलै २०१९ला जोरदार पावसात जयपूरहून आलेलं ७३७ तिच्या टोकापुढे गेलं आणि मुख्य धावपट्टी कित्येक दिवस बंद राहिली. लांबी भरपूर दिसली की टेकायची घाई राहत नाही, ऑटोब्रेक खालच्या आकड्यावर जातो, रिव्हर्स लवकर आत जातो, टॅक्सीवेचं सोयीचं वळण डोळ्यांसमोर येतं. मला स्वतःला अडीच हजार मीटरच्या पुण्यात पावसात उतरताना कधी भीती वाटली नाही, कारण तिथे मी जागा असायचो.

एक प्रसंग सांगतो, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचाच. किनाऱ्याजवळचं एक विमानतळ, धावपट्टी साधारण २४०० मीटर, ऑगस्टची संध्याकाळ. एटीआयएसवर कोड ५. आमचा हिशेब १७८०, पंधरा टक्क्यांसह २०४७. उत्तम. उतरायला सुरुवात करताना टॉवरने 'हेवी रेन ओव्हर द फील्ड' म्हटलं. शेजारच्या सहवैमानिक मुलीने मी सांगायच्या आधी टॅब्लेटवर तीन टाकून पाहिलं आणि म्हणाली, 'सर, २१२०. पंधरा टक्क्यांनी २४३८.' अडतीस मीटर कमी. तुम्ही म्हणाल अडतीस मीटर म्हणजे काय, अर्ध्या सेकंदाचा प्रश्न. पण हा हिशेब सगळं बरोबर झालं तर काय होईल याचा होता. आम्ही होल्ड घेतला, म्हणजे वरच घिरट्या घालत थांबलो. एका प्रवाशाने नंतर एअरहोस्टेसला विचारलं की आपल्या पुढचं दुसऱ्या कंपनीचं विमान उतरलं, मग आपण का नाही. ते उतरलं होतं खरं, व्यवस्थित. पंचवीस मिनिटांनी पाऊस झिमझिमीवर आला, आम्ही पाचच्या हिशेबाने उतरलो आणि त्या मुलीला मी कॉफी पाजली.

त्या पंचवीस मिनिटांचं इंधन आमच्याकडे होतं म्हणून हे सोपं झालं. पावसाळ्यात काही जण उलटा विचार करतात: धावपट्टी छोटी आहे, लँडिंगचं वजन कमी ठेवू, जादा इंधन नको. हिशेब करून बघा. ७३७ किंवा ए-३२० होल्डमध्ये तासाला साधारण २४०० किलो खातं. वीस मिनिटांचे ८०० किलो. ते न जाळता घेऊन उतरलात तर ६५ टनांच्या विमानात वजन वाढलं सव्वा टक्का, आणि थांबायचं अंतरही तेवढंच, वीसेक मीटर. टेकण्याआधी पाव सेकंद तरंगलात की तेवढे जातात.